बाबा गेले, वेबली राहिली : वारशाच्या हत्याराचं काय करायचं

बाबांच्या तेराव्यानंतर आईनं लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. आत जमिनीचे कागद, आजोबांची पेन्शनबुकं, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली एकनळी बारा बोअर बंदूक (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) आणि खालच्या खणात चामडी म्यानातली .४५५ बोअरची वेबली, जुनं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. हलवला तर खुळखुळ वाजला. उघडून बघितलं तर चार भरलेली काडतुसं आणि एकोणीस रिकाम्या पुंगळ्या.

मी डबा बंद केला, कपाटाला कुलूप घातलं आणि पुढचे सत्तेचाळीस दिवस कामाधामात ते विसरून गेलो. पहिली चूक तीच. दुसऱ्या चुकीपर्यंत जवळजवळ पोचलो होतो, ती पुढं सांगतो.

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, कुठल्याही तालुक्यात जा, जुन्या घरात एखादी लायसनची बंदूक निघतेच. कुणाचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, कुणाचे गावचे पाटील, कुणाची शेती जंगलाच्या काठाला. ज्याच्या नावावर ती होती तो माणूस गेला की घरच्यांना काय करायचं ते ठाऊक नसतं आणि विचारायचीही भीती वाटते. मी त्यातनं गेलोय, म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात काही वेगळं असेल तर वकिलाला विचारा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. शेत वारसानं येतं, घर येतं, बंदुकीची मालकीही येते. लायसन येत नाही. ते त्या माणसाचं असतं आणि त्याच्याबरोबर संपतं. म्हणजे तेराव्याला माझ्या कपाटात होतं ते कायद्याच्या भाषेत बिनपरवाना हत्यार. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २५ बघितलंत तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हत्याराला किमान दोन वर्षं कैद लिहिली आहे. तुम्ही दुःखात होता हे तिथं कुठं लिहिलेलं नाही.

१. हात लावू नका, फक्त मोजा

बंदूक कधी हाताळली नसेल तर आता शिकायला जाऊ नका. जुनी माणसं संरक्षणासाठी म्हणून भरून ठेवत. वेबलीसारखं रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. वरची खिट्टी दाबली की नळी पुढं झुकते आणि सहाही काडतुसं आपोआप वर उचलली जातात. यूट्यूबवर हे बघायला फार सोपं वाटतं. माझ्या चुलतभावानं ते करून बघितलं, नशिबानं आत काही नव्हतं. तुम्ही नशिबावर जाऊ नका.

लायसनबुक मात्र शोधा. त्यात हत्याराचा प्रकार, बोअर, नंबर आणि काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. काडतुसं मोजा, आकडा लिहून ठेवा. रिकाम्या पुंगळ्याही मोजा. नंतर कोणी विचारलं तर पहिल्या दिवशीचा आकडा तुमच्या हातात पाहिजे.

२. आधी जमा करा, बाकी सगळं नंतर

कलम २१ तुमच्या सोयीचं आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करायचं. लायसनवाला वारला असेल तर हे त्याच्या वारसानं करायचं. जमा केलं म्हणून मालकी जात नाही. पुढं तुमच्या नावावर लायसन झालं तर परत मिळतं, नाहीतर रीतसर विकता येतं. पण त्याला मुदत आहे. नुसतं जमा करून विसरलात तर जिल्हा दंडाधिकारी सरकारजमा करू शकतात.

आता गंमत अशी की जमा करायला न्यायचं तरी कसं? तुमच्याकडं लायसन नाही आणि मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळून बारा बोअर घेऊन निघालात तर वाटेतल्या नाक्यावर काय सांगणार? म्हणून आधी नुसता कागद घेऊन ठाण्यात जा. अर्जात मृत्यूची तारीख, लायसन नंबर, हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढं काय करायचं ते ते सांगतात. माझ्या वेळी एक हवालदार घरी आला. सत्तेचाळीस दिवसांचा हिशेब ऐकून म्हणाला, "एवढे दिवस काय करूलासा? कोणी तक्रार दिली असती म्हंजे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ठाणं की विक्रेता? ठाण्यात पैसे पडत नाहीत, पण ओल असते आणि हत्याराला तेलपाणी कोण करणार? विक्रेता भाडं घेतो, पण नीट ठेवतो. बेळगावच्या पावसात चार महिने ओल्या खोलीत पडलेल्या नळीची काय दशा होते ते एकदा बघितलं की भाडं जड वाटत नाही.

पावतीवर नंबर स्वतः ताडून घ्या. माझ्या पहिल्या पावतीवर आठाचा तीन झाला होता. एका आकड्यापायी दोन चकरा.

३. बोअर ओळखा, सगळं त्यावर आहे

बहुतेकांकडं बारा बोअरची बंदूक असते, किंवा .३२ चं रिव्हॉल्व्हर. तिथं प्रश्न नाही. जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज, तिथंच निकाल. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी, हे जिल्हा दंडाधिकारी म्हणून लायसन देतात. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर कुठल्या कार्यालयात अर्ज द्यायचा हे आधी विचारून घ्या, म्हणजे फाइल इकडून तिकडं फिरणार नाही.

अडचण मोठ्या बोअरची. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत एक वर्ग आहे, लष्करी काडतूस ज्यात बसतं अशा हत्यारांचा. .३०३ आणि ७.६२ च्या रायफली त्यात येतात. .३८० आणि .४५५ ची बुडाला कडा असलेली काडतुसं, किंवा ९ एमएम आणि .४५ ची बिनकडेची लष्करी काडतुसं ज्यात बसून उडतात अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरंही येतात. बोलण्यात याला सगळे 'पीबी', म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, म्हणतात. या वर्गाचं लायसन डीसी देत नाहीत, केंद्रीय गृह मंत्रालय देतं. अर्ज जिल्ह्यातूनच जातो, पण तो दिल्लीपर्यंत जातो.

आमची वेबली बरोबर त्यात बसली. मार्क सहा, ब्रिटिश सैन्यानं १९१५ मध्ये घेतलेला नमुना. किलोभर वजन, सहा इंची नळी, दस्त्याच्या बुडाला दोरी अडकवायची कडी. आजोबांच्या पश्चात बाबांनी ती रीतसर नावावर करून घेतली होती, त्यामुळं लायसनबुकं दोन होती, बंदुकीचं वेगळं आणि हिचं वेगळं. तुमच्या घरीही दोन असतील तर दोन अर्ज समजा. एकाच्या भरवशावर दुसरं अडकवून ठेवू नका. मी बारा बोअरचा अर्ज वेगळा पुढं सरकवला, म्हणून तो तरी निकाली लागला.

इथं एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल : "अरे, शंभर वर्षं जुनं हाय, अँटिक झालं की, त्याला कशाला लायसन?" ऐकू नका. कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला, आणि तीही दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालणार नाही अशा. घोडा ओढल्यावर सिलिंडर फिरतंय ना? मग ते अँटिक नाही.

दुसरा हमखास सल्ला कोडगूचा. तिकडं कोडवांना म्हणे लायसन लागत नाही. खरं आहे, कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, कोडवांना जुनी सूट आहे. बेळगावला नाही.

४. कागद

मला लागलेले हे. तुमच्याकडं एखादा जास्त मागतील.

- मृत्यू दाखल्याच्या किमान चार प्रती
- वंशावळ, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसुलाचं स्थानिक कार्यालय)
- बाकी वारसांचं संमतीपत्र, नोटरी केलेलं
- मूळ लायसनबुक, सगळ्या पानांच्या झेरॉक्ससह
- जमा केल्याची पावती
- आधार, रहिवासाचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना एस-३
- हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, नमुना एस-१
- हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र
- पीक संरक्षणाचं कारण देणार असाल तर जमिनीचा आरटीसी उतारा

वारस म्हणजे फक्त मुलगा नव्हे. शस्त्र नियमांतल्या नियम २५ मध्ये मुलगी, जावई, सून, भाऊ, बहीणही धरलेत. आमच्या ओळखीत एका सुनेनं सासऱ्याची बंदूक नावावर करून घेतली आणि गावातल्या चार शहाण्यांची बोलती बंद झाली. वय मात्र एकवीस पूर्ण पाहिजे. आणि २०१९ पासून एका माणसाकडं दोनपेक्षा जास्त हत्यारं चालत नाहीत, वारशाची धरून. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर भावाच्या किंवा बहिणीच्या नावानं अर्ज करा.

एस-१ च्या प्रमाणपत्राला लोक घाबरतात. कर्नाटकात जिल्हा पोलीस नागरी बंदूक प्रशिक्षणाची शिबिरं भरवतात, कन्नडमध्ये 'नागरिक बंदूकु तरबेती' असा बोर्ड दिसेल. ती रोज नसतात, तारखेवर डोळा ठेवावा लागतो. मी पंचेचाळिशीत कवायतीच्या मैदानावर पोटावर झोपून निशाण धरलं. शेजारी कॉलेजची पोरं. गुडघे सोलटले, पण बंदूक रिकामी आहे का बघायची सवय लागली ती तिथंच.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी इथं थांबून वाचा. लायसनवाल्याचं वय सत्तर झालं असेल किंवा हत्यार नावावर होऊन पंचवीस वर्षं झाली असतील, तर हयातीतच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. हेही नियम २५ मध्येच आहे. वडील स्वतः सही करायला आहेत तोवर हे उरकून घ्या. वंशावळ, संमतीपत्र, सगळ्या भावंडांच्या सह्या, यातली निम्मी धावपळ वाचेल. बाबा एकाहत्तरचे होते. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

५. नावातला घोळ

माझे सगळ्यात जास्त दिवस इथं गेले, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आपल्या भागात एकाच माणसाची तीन भाषांत तीन नावं असतात. आजोबांच्या काळी बेळगाव मुंबई राज्यात होतं, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेलं. जुने कागद इंग्रजी-मराठीत, नवे कन्नडमध्ये. माझ्या बाबांचं नाव लायसनबुकात 'परसराम', आधारवर 'परशराम' आणि वंशावळीत कन्नडमध्ये लिहिणाऱ्यानं शुद्ध करून 'परशुराम' केलेलं. तलाठ्यानं चांगल्या मनानं केलं असेल. पण फाइल बघणाऱ्याच्या दृष्टीनं ही तीन माणसं, आणि तिघांतला मेला कोण हा त्याचा प्रश्न चूक म्हणता येणार नाही.

गावाच्या नावाचं तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जुन्या लायसनवर 'बेलगाम' असणार. त्यानं अडत नाही, पण घराचा पत्ता, वाडीचं नाव, पिनकोड हे जुळलं नाही तर अडतं.

उपाय एकच. अर्जाआधी सगळे कागद टेबलावर एका रांगेत मांडा आणि नाव, बापाचं नाव, आडनाव अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक असेल तर 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्प कागदावर करून नोटरी करा. ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करा. मराठीत केलंत तर भाषांतर मागतील आणि भांडायचं म्हटलं तर दिवस तुमचे जातील. भाषेचा हक्क मलाही प्रिय आहे, मोर्चाला मीही गेलोय. पण या फाइलवर तो लढा लढू नका.

वंशावळ हातात पडताच तिथंच उभं राहून वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस बरोबर न्या. मी घरी आणून वाचली. परत गेलो तर खिडकीतून "नाळी बर्री". म्हणजे उद्या या. तो उद्या अकरा दिवसांनी उगवला.

६. अर्ज

अर्ज नमुना ए-१. तो ऑनलाइन, राष्ट्रीय शस्त्र परवाना यंत्रणेच्या 'अॅलिस' पोर्टलवर भरायचा, छापील प्रत कागदांसह कार्यालयात द्यायची. वडिलांच्या लायसनवर यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, आहे का बघा. एका माणसाला एकच क्रमांक, लायसनं दोन असली तरी. जुन्या बुकावर तो नसेल तर आधी कार्यालयात त्याचं विचारा, कारण यूआयएन नसलेलं लायसन वैध धरत नाहीत.

अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तिथं कथा लिहू नका. 'वारसा' आणि खरं असेल ते एक कारण, बस. रानडुक्कर येतं म्हणून लिहिलंत आणि तुमच्या नावावर एक गुंठाही नसेल तर चौकशीत तोंडघशी पडाल. उलट, जमीन-मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं लायसन नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. जमीन नसलेल्यांनी बिचकायचं कारण नाही.

७. चौकशी, आणि जंगलाची अट

अर्जाची प्रत ठाण्यात जाते. शेजारी विचारतात, जुने गुन्हे बघतात, भावकीत वाद आहे का ते काढतात. वाद असेल तर स्वतःहून सांगा. आमच्या बांधाचा दावा कोर्टात होता. मी सांगितला, तारखांची प्रत दिली, अडचण आली नाही. लपवला असता तर शेजाऱ्यानं आनंदानं सांगितला असता.

नियमाप्रमाणं पोलिसांना अहवालासाठी तीस दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी साठ दिवस आहेत. तारखा वहीत लिहून ठेवा आणि मुदत संपल्यावर लेखी विचारा, तोंडी नको. नाकारलं तर कारणं लेखी मागा. अपील कलम १८ खाली आहे, त्याची मुदत आदेश हातात पडल्यापासून मोजा.

खानापूरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणं अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवं शस्त्र लायसन द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि आधीपासून लायसन असलेल्यांनाही नोंदणीची अट आहे. जांबोटी, कणकुंबी, हेमडगा या बाजूला राहत असाल तर तुमचं अंतर किती भरतं हे वनखात्याकडून लेखी घ्या. फाइल वर्षभर का हलत नाही म्हणून डोकं धरून बसलेली माणसं मी बघितलीत. ती फाइल वनखात्यात असते.

आणि पीक संरक्षणाचं लायसन म्हणजे शिकारीचं लायसन नव्हे. गवा उसात शिरला म्हणून बार काढलात तर ते वेगळंच प्रकरण होतं आणि त्यातनं बाहेर पडणं याहून कठीण.

८. त्या रिकाम्या पुंगळ्यांचं काय

आता माझी दुसरी चूक, होता होता राहिलेली.

.४५५ चं काडतूस बाजारात मिळत नाही. आपल्याकडं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .३२ चं बनतं, बारा बोअरचं 'शक्तिमान' बनतं, दुकानात ते मिळतं. वेबलीचं जुनं काडतूस बर्मिंगहॅमच्या कायनॉकचं. आमच्या डब्यातली चार तीच होती. पुंगळीचं पितळ काळं पडलेलं, पण बुडावरचे अक्षरांचे शिक्के नखाला लागत होते.

लायसन होईलच, मग काडतुसं आणायची कुठून, असं मी एकाला बोललो. तो म्हणाला, पुंगळ्या आहेत ना? भरून देणारा माणूस आहे. बुडातली ठिणगीची टोपी बदलायची, दारू भरायची, शिसं ओतून गोळी बसवायची, झालं. शिकारीच्या काळात बारा बोअरची पितळी काडतुसं लोक घरीच भरायचे, हे मीही ऐकत आलो होतो. अमेरिकेत तर हा घरोघरचा छंद आहे, कायदेशीर, वर्कबेंचवर दाब मारायचं यंत्र, तराजू, पुस्तकं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

नाही म्हणायची दोन कारणं.

पहिलं कायद्याचं. आपल्या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात बंदुकीचा बार, त्याचं साहित्य, काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. बिनपरवाना दारूगोळा बनवणं कलम ५ चा भंग आहे आणि त्याला २०१९ नंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भरून देणारा आणि भरून घेणारा, दोघेही त्यात सापडतात. तुमचं लायसन काडतूस विकत घेऊन बाळगायचं असतं, बनवायचं नव्हे.

दुसरं कारण हाताचं. या काडतुसाची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सतरा ग्रॅम शिसं. .३२ ची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर. फरक तळहातावर कळतो. वेबलीचं काडतूस मुळात काळ्या दारूसाठी बेतलेलं, नंतर त्यात कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, आलं. कॉर्डाइट पुंगळीत थोडीच जागा घेतं. म्हणजे चुकून दुप्पट दारू पडली तरी पुंगळी भरल्यासारखी दिसत नाही. तिकडचे छांदिष्ट म्हणूनच ग्रेनमध्ये तोलतात, आणि एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. आपल्या गावचा भरणारा चिमटीनं मापतो, आणि दारू कुठली? फटाक्याची नाहीतर खाणीतली. शंभर वर्षं जुन्या सिलिंडरला तो दाब पेलला नाही तर तो फुटतो तुमच्या बोटांत, तोंडापासून हातभर अंतरावर.

याच ओळीतला आणखी एक सल्ला मिळतो : सिलिंडर मागून घासून घेतलं की .४५ चं लष्करी काडतूस बसतं. अमेरिकेत अशा कितीतरी वेबली घासून विकल्या गेल्या, हे खरं. पण .४५ चा दाब .४५५ पेक्षा बराच जास्त आहे. त्यापायी तिकडंही जाणकार असं हत्यार उडवू नका म्हणतात. आणि इकडं हत्यारात असा फेरफार करायलाच परवाना लागतो, शिवाय .४५ त्याच पीबी वर्गात आहे. म्हणजे हत्यार बिघडवून मिळवायचं काय?

पुंगळ्या भंगारवाल्याला देऊ नका, पोरांना खेळायला देऊ नका, देव्हाऱ्यात ठेवू नका. मी चारही काडतुसं आणि एकोणीस पुंगळ्या त्याच पावतीत लिहून जमा केल्या. विक्रेत्यानं एकेक उचलून मोजली. तेव्हा बाबांनी आयुष्यात एकोणीस वेळा तरी ते हत्यार उडवलं, की आजोबांनी, हा प्रश्न मनात आला. आईला विचारलं. तिला आवाज ऐकल्याचं एकदाही आठवत नाही.

९. हातात आल्यावर

बारा बोअरचं लायसन माझ्या नावावर झालं. मुदत पाच वर्षं. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीची घालून ठेवा.

हत्यार परत घेताना पुन्हा नंबर ताडा. लायसनवर लिहिलेली काडतुसांची संख्या दोन प्रकारची असते, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची. दोन्ही पाठ करा.

लायसनवर क्षेत्र लिहिलेलं असतं. आपलं निम्मं गणगोत चंदगड-गडहिंग्लजला असतं आणि शिनोळीची हद्द ओलांडताना आपल्याला राज्य बदलल्यासारखं वाटतही नाही. बंदुकीला वाटतं. लायसन कर्नाटकापुरतं असेल तर ती मामाच्या शेतावर न्यायची नाही, डुकरांनी कितीही नासधूस केली तरी. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस असेल तर कलम २५ मध्ये त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड लिहून ठेवलाय.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. स्वतःहून जा, पावती घ्या, निकालानंतर लगेच आणा. आमच्या गल्लीतल्या एकानं पावती हरवली. त्याची बंदूक पुढच्या निवडणुकीपर्यंत ठाण्यातच राहिली.

वेबलीची फाइल अजून वर आहे. ती विक्रेत्याकडं आहे, भाडं वर्षाचं भरतो. दर मिरगाच्या आधी मी तेलाची बाटली घेऊन जातो. तो ती माझ्या हातात देत नाही, देऊही नये. काउंटरपलीकडं फ्लॅनेल सोडतो, खिट्टी दाबतो, नळी झुकते, सहा रिकामी भोकं वर येतात. मी बाटली सरकवतो. "हे तेल नको, मागच्या खेपेचं बरं होतं," असं तो दरवर्षी म्हणतो.